ओकिनावाचे पाच दिवस: समुद्राचा वार आधी ठरवू नका

पत्र:
नमस्कार. आम्ही चौघं जपानला जाणार आहोत. तोक्यो-क्योतो झाल्यावर शेवटचे पाच दिवस ओकिनावाला निवांत राहायचं असा बेत आहे. सासूबाई 71 वर्षांच्या, पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही, त्यात गुडघे दुखतात. नवरा पट्टीचा मासेखाऊ. मुलगा 12 वर्षांचा, कराटे शिकतो. ओकिनावाचं नाव घरात त्यानेच आणलं. नवऱ्याने बघायच्या ठिकाणांची भलीमोठी यादी केली आहे, त्यात विमानाने इशिगाकी बेटावर जाऊन येणंही आहे. मला मात्र दोन दिवस तरी घड्याळ न बघता पाण्याकाठी बसायचंय. मेचा तिसरा आठवडा धरलाय, तिकिटं अजून काढलेली नाहीत. तिथे काय बघावं, काय खावं, काय करावं? आणि खरं सांगू का, आमचं घर कोकणात, समुद्र पंधरा मिनिटांवर. समुद्रासाठी इतकं लांब जाण्यात अर्थ आहे का?
– कोकणातील एक वाचक

ताई, नमस्कार.

तिकिटं काढलेली नाहीत हे फार बरं झालं. मेचा तिसरा आठवडा सोडून द्या. ओकिनावा ही जपानच्या अगदी दक्षिणेकडची बेटं, त्यांचा पावसाळा जपानच्या मुख्य बेटांच्या आधी येतो. साधारण 10 मेच्या आसपास सुरू होतो आणि 21-22 जूनच्या सुमारास संपतो. तो आपल्या कोकणासारखा नसतो, पण आकाश भरलेलं, हवा चिकट, आणि मध्येच अशी सर येते की समोरचं दिसत नाही. ज्या निळ्या-हिरव्या पाण्याचे फोटो बघून माणसं तिथे जातात, तो रंग ऊन असल्याशिवाय दिसतच नाही. थोडं अलीकडे यावं म्हटलं तर 29 एप्रिल ते 5 मे हा जपानच्या लागोपाठच्या सुट्ट्यांचा काळ. सगळा देश घराबाहेर पडतो आणि खोल्यांचे दर चढतात. जुलैपासून वादळं सुरू होतात, ती ऑक्टोबरपर्यंत येत राहतात.

म्हणून माझं सांगणं असं, की मुलाची दिवाळीची सुट्टी धरा. भाऊबीज घरी करा आणि मग निघा. नोव्हेंबरात हवा 22 ते 25 अंशांच्या घरात असते, पाणीही साधारण तेवढंच. ते गार वाटेल, पण पाण्यात नेणारे मार्गदर्शक अंगाला घट्ट बसणारा वेटसूट देतात, तो घातला की मुलगा तासभर सहज पाण्यात राहील. सासूबाईंच्या दृष्टीने तर हाच काळ चांगला, घामाने जीव नकोसा होत नाही. या काळाच्या दोन उण्या बाजूही सांगते. एक म्हणजे बऱ्याच किनाऱ्यांवरचे जीवरक्षक ऑक्टोबरअखेर निघून जातात. दुसरी म्हणजे ऑक्टोबरपासून उत्तरेचा वारा सुरू होतो, तिथले लोक त्याला मीनिशी म्हणतात. तो जोरात असला की छोट्या बेटांच्या बोटी रद्द होतात. या वाऱ्यामुळेच तुमचं पाच दिवसांचं नियोजन वेगळ्या पद्धतीने करायला हवं, ते पुढे सांगते. दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यावर आली असेल, तर वादळाची शक्यता धरून तिकिटं बदलता येतील अशीच घ्या.

आता तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तुमच्या दारातल्या समुद्रात नद्या आणि खाड्या गाळ आणतात. त्या गढूळ, खतावलेल्या पाण्यात जीव पोसले जातात, म्हणून तर कोकणात इतकी मासळी. ओकिनावाचं पाणी स्वच्छ दिसतं त्याचं कारण नेमकं उलटं आहे. बेटावर मोठ्या नद्या नाहीत. बाजूने कुरोशिओ नावाचा उबदार प्रवाह वाहतो, त्यात पोषक द्रव्यं कमी असतात, म्हणून पाण्यात तरंगणारी सूक्ष्म वनस्पतीही कमी आणि नजर खोलवर जाते. किनाऱ्यापासून काही अंतरावर प्रवाळाची भिंत आहे. मोठ्या लाटा तिच्यावर फुटतात आणि आत उथळ, शांत पाणी राहतं. पांढरी वाळू म्हणजे बराचसा प्रवाळाचा आणि शिंपल्यांचाच चुरा. हा समुद्र काठावरून बघून अर्धाच कळतो. त्यात तोंड बुडवून खाली बघायचं. तेवढं केलंत तर इतक्या लांब जाण्यात नक्की अर्थ आहे. नुसती सूर्यास्ताची आणि वाळूची हौस असेल, तर ती घरी भागते.

आता यादी. इशिगाकी काढून टाका. बेट फार सुंदर आहे, पण नाहा या ओकिनावाच्या मुख्य शहरापासून सुमारे 400 किलोमीटर लांब, विमानाने तासाभराचं. जाणं-येणं धरून त्यात दीड दिवस जाईल, आणि तिथून पुढे ताकेतोमी, इरिओमोते ही बेटं खुणावत राहतील. तो स्वतंत्र प्रवास आहे. ओकिनावाचं मुख्य बेटच दक्षिणोत्तर शंभरेक किलोमीटर लांब आहे, पाच दिवसांना तेवढं पुरे.

मुक्काम दोनच ठिकाणी ठेवा: आधी नाहा शहरात तीन रात्री, मग उत्तरेला मोतोबु भागात दोन. आणि कुठल्या दिवशी काय हे घरून लिहून नेऊ नका. नाहाच्या तोमारी बंदरातून केरामा बेटांना बोटी जातात. पोहोचलात की दुसऱ्या दिवसाचा वाऱ्याचा अंदाज बघा. पहिला जो दिवस समुद्र शांत असेल, तो केरामाला द्या. शुरीचा किल्ला, बाजार, संग्रहालयं उरलेल्या दिवसांत बसतात. लोक बहुधा याच्या उलट करतात. गुरुवारी बोट, शुक्रवारी किल्ला असं ठरवून जातात, गुरुवारी बोट रद्द होते आणि शुक्रवारी लख्ख उन्हात किल्ल्यावर उभं राहून शांत समुद्राकडे बघतात. तुमच्या यजमानांना यादी करायला आवडतं ना, मग त्यांच्याकडे रोज संध्याकाळी वारा आणि बोटींचं वेळापत्रक बघायचं काम द्या.

केरामा हा द्वीपसमूह 5 मार्च 2014 रोजी जपानचं राष्ट्रीय उद्यान झाला. जाण्यासारखी बेटं मुख्यतः दोन, तोकाशिकी आणि झामामी. तुमच्यासाठी मी तोकाशिकी निवडेन, कारण मोठी फेरी तासा-सव्वातासात पोहोचते आणि कमी हलते. वेगवान बोट त्याच्या निम्म्या वेळात नेते, पण उसळते, आणि सासूबाईंना बोट लागली तर सगळ्यांचाच दिवस जाईल. बंदरातून डोंगर ओलांडून गाडीने आहारेन किनाऱ्यावर जायचं. तोकाशिकू नावाचा दुसरा किनारा आहे, तिथे समुद्री कासवं चरायला येतात. कासव दिसलं तर त्याच्या मागे पोहायचं नाही आणि वाट अडवायची नाही, त्याला श्वास घ्यायला वर यावं लागतं. हा दिवस तुमचा, घड्याळ बघू नका. फक्त परतीच्या बोटीची वेळ मनात पक्की असू द्या. रोख येन जवळ ठेवा, छोट्या बेटांवर एटीएम शोधत फिरायची वेळ येऊ नये.

पाण्यात उतरण्याबद्दल जरा कडक बोलते. कोकणात वाढलेल्या माणसाला समुद्राची सवय असते, आणि त्याच सवयीमुळे इथे फसगत होऊ शकते. आतलं पाणी तळ्यासारखं शांत दिसतं, पण ओहोटीला ते सगळं पाणी प्रवाळाच्या भिंतीतल्या फटींतून बाहेर जातं. त्या फटीजवळ सापडलेला माणूस चांगला पोहणारा असला तरी बाहेर ओढला जातो. ओकिनावात स्नॉर्केल करताना, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्यात खाली बघत पोहताना, माणसं दगावतात ती बरेचदा अशीच. म्हणून जीवरक्षक नसलेल्या महिन्यात मार्गदर्शकाशिवाय उतरू नका, आणि लाइफ जॅकेट चौघांपैकी जो कुणी पाण्यात जाईल त्याच्या अंगावर असलंच पाहिजे, यजमानांच्याही. प्रवाळावर पाय ठेवू नका. तो जिवंत प्राणी आहे, त्याला वाढायला वर्षं लागतात, आणि पायाला झालेली जखमही लवकर भरत नाही. क्रीम थापण्याऐवजी लांब बाह्यांचे पोहण्याचे कपडे घातलेत तर अंगही भाजत नाही आणि पाण्यातही काही मिसळत नाही. आणखी एक, मुलाला निघण्याआधीच बजावा. आपल्याकडे मुलं किनाऱ्यावर शंख-शिंपले बिनधास्त वेचतात. तिथे शंकूच्या आकाराचा, सुंदर नक्षीचा एक शंख असतो, त्यातला जिवंत प्राणी विषारी काटा मारतो आणि त्याने माणूस मरू शकतो. पाण्यातलं काहीही उचलायचं नाही. समुद्रात अडचण आली तर तटरक्षक दलाचा क्रमांक 118, रुग्णवाहिकेचा 119.

सासूबाईंना पाण्यात उतरायचं नसेल, तरी तळ बघायची हौस नक्की भागेल. नागो शहराजवळ बुसेना इथे तळाला काच असलेली बोट आहे, ती घ्या. शेजारीच समुद्रात उतरणारा निरीक्षण मनोरा आहे, पण त्याला गोल जिना आहे, गुडघ्यांसाठी तो नको.

त्यांच्यासाठी उत्तरेचे दोन दिवस सगळ्यात सुखाचे जातील. मोतोबुचं चुराउमी मत्स्यालय 2002 साली आत्ताच्या रूपात सुरू झालं. त्याच्या मोठ्या टाकीची काच 22.5 मीटर रुंद, 8.2 मीटर उंच आणि 60 सेंटिमीटर जाड आहे, आणि तिच्यामागे व्हेल शार्क आणि मांटा रे फिरत असतात. सगळीकडे लिफ्ट आणि सरकते जिने आहेत, व्हीलचेअर मिळते. दुपारी व्हेल शार्कला खाऊ घालतात तेव्हा तो एवढा अजस्र मासा पाण्यात उभा होऊन तोंड उघडतो. ती वेळ आदल्या दिवशी बघून ठेवा आणि अर्धा तास आधी काचेसमोर बसायची जागा धरा. सकाळी उघडल्या उघडल्या किंवा दुपार कलल्यावर जा, मधल्या वेळात बसभर माणसं येतात.

तिथून जवळच बिसे नावाचं गाव आहे. वाऱ्यापासून घरं वाचवण्यासाठी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या फुकुगी नावाची झाडं लावली, त्यांच्या दाट रांगांमधून सपाट पांढरी वाट जाते. तुम्हाला हे आवडेल: फुकुगी आणि आपला कोकम एकाच कुळातले, दोन्ही गार्सिनिया. पानाचा तो जाड, चकचकीत पोत सासूबाई बघताक्षणी ओळखतील. याच झाडाच्या सालीपासून पिवळा रंग काढतात आणि तो बिंगाता नावाच्या तिथल्या छापील कापडात वापरतात. संध्याकाळी या वाटेने चाला. टोकाला समुद्र आहे, बसा तिथे हवा तितका वेळ. कोउरी बेटाचा पूल, 1,960 मीटर लांब, 2005 साली खुला झालेला, तोही जाता-येता होईल.

अजून उत्तरेला यानबारूचं जंगल आहे, 2021 पासून जागतिक वारसा. तिथे उडता न येणारा एक पक्षी आहे, यानबारू कुइना. विज्ञानाला तो 1981 मध्ये कळला, तोवर फक्त गावकऱ्यांना माहीत होता. तो गाडीखाली सापडतो, म्हणून रस्त्यावर त्याच्या चित्राच्या पाट्या आहेत. तिकडे गेलात तर गाडी हळू चालवा. गेसाशीच्या खारफुटीत होडी वल्हवायला मुलगा आणि बाबा जाऊ शकतात. पण खारफुटी तुमच्याकडे आहेच, वेळ कमी पडला तर हे सोडा.

गाडी भाड्याने घ्या, पण फक्त उत्तरेच्या दिवसांसाठी. नाहात मोनोरेल आहे, विमानतळापासून शुरीपर्यंत जाते. जपानमध्ये आपल्यासारखंच डावीकडून चालवतात. ओकिनावात मात्र हे 30 जुलै 1978 पासूनच; अमेरिकी प्रशासनाच्या काळात गाड्या उजवीकडून चालत, त्यामुळे एका दिवसात अख्ख्या बेटाने बाजू बदलली. यजमानांनी निघण्यापूर्वी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्यावा. दारूचा एक घोटही घेतला तर गाडीला हात लावायचा नाही, कायदा फार कडक आहे. आणि पावसात तिथले रस्ते नेहमीपेक्षा जास्त निसरडे होतात, वेग कमीच ठेवा.

आता मुलाचा हक्काचा भाग. ओकिनावा हे 1429 ते 1879 या काळात र्‍युक्यु नावाचं स्वतंत्र राज्य होतं, चीन, सयाम (आजचा थायलंड), जपान यांच्याशी व्यापार करणारं. कराटे त्या राज्यात घडलं. भारतातल्या अनेक वर्गांत शिकवतात ती शोतोकान शैली ज्यांच्यापासून निघाली, ते फुनाकोशी गिचिन शुरीचे. 1922 साली त्यांनी तोक्योत प्रात्यक्षिक दाखवलं आणि तिथून कराटे जपानभर गेलं. विमानतळापासून जवळ तोमिगुसुकु इथे 2017 मध्ये कराटे काइकान उघडलं आहे, त्यात संग्रहालय आणि दोजो, म्हणजे सरावाची जागा, दोन्ही आहेत. पाहुण्यांना स्थानिक शिक्षकांकडे एखादा वर्ग करता येतो, त्यासाठी आधी लिहून विचारा. मुलाने त्याचा गणवेश बरोबर न्यावा. किल्ला राहिला तरी चालेल, पण हे चुकवू नका. त्याच्यासाठी तो सगळा प्रवास इथेच आहे.

अर्थात किल्लाही बघा. शुरीचा राजवाडा 1945 च्या लढाईत जमीनदोस्त झाला होता, कारण त्याच्या खाली जपानी सैन्याने मुख्यालयाचे बोगदे खणले होते. 1992 मध्ये मुख्य दालन परत उभं केलं. 31 ऑक्टोबर 2019 च्या पहाटे ते पुन्हा जळालं, आणि 2026 च्या शरदात पूर्ण करायचं असं ठरवून त्याची उभारणी हाती घेतली गेली. सुतार, लाखकाम करणारे, कौलं भाजणारे यांनी काम कसं केलं तेही तिथे दाखवतात, मला ते दालनाइतकंच बघण्याजोगं वाटतं. शेजारी 1501 साली बांधलेली राजघराण्याची समाधी आहे, तामाउदुन. किल्ल्याखालची जुनी फरसबंद उतरण फोटोत छान दिसते, पण तीव्र आहे. सासूबाईंना वरूनच मोनोरेलकडे परत न्या.

यादीत नसलेली एक गोष्ट मी घालते आहे. अर्धा दिवस दक्षिणेला द्या, मुलालाही न्या. 1 एप्रिल 1945 ला अमेरिकी सैन्य मुख्य बेटावर उतरलं आणि जूनअखेरपर्यंत जे झालं त्यात सैनिकांइतकीच साधी माणसं मेली. माबुनीच्या शांती उद्यानात समुद्राकडे तोंड करून काळ्या दगडाच्या भिंती आहेत, 1995 मध्ये उभारलेल्या. त्यांवर 2,40,000 हून अधिक नावं आहेत: ओकिनावाची, जपानी, कोरियन आणि अमेरिकीही, सगळी एकाच ठिकाणी. जवळच हिमेयुरी संग्रहालय आहे. शाळेतल्या 222 मुली आणि 18 शिक्षक लष्करी इस्पितळात शुश्रूषेला नेले गेले, त्यांतले 136 मेले. मुली 15 ते 19 वर्षांच्या. त्यांचे फोटो भिंतीवर आहेत. बारा वर्षांच्या मुलाला हे झेपेल का ते तुम्ही आई म्हणून ठरवा. माझं मत, उद्यान जरूर, संग्रहालय त्याला विचारून. यानंतर अमेरिकेने 15 मे 1972 पर्यंत बेट आपल्या ताब्यात ठेवलं, आणि त्यांचे तळ अजूनही आहेत. डोक्यावरून लढाऊ विमान गेलं तर मुलगा विचारेल, तेव्हा सांगायला हे माहीत असलेलं बरं.

त्याच बाजूला सेफा-उताकी आहे, र्‍युक्यु राज्याचं सर्वात पवित्र स्थान. इथल्या मुख्य पुजारी स्त्रिया असत आणि पुरुषांना आत येऊ देत नसत. मूर्ती नाही, देऊळ नाही. जंगल, खडक आणि एकमेकांवर कललेल्या दोन प्रचंड शिळा. वाट दगडांची आणि ओली असते, सासूबाईंनी किती चालायचं ते तिथे बघून ठरवा. महत्त्वाचं म्हणजे चांद्र पंचांगाच्या दहाव्या महिन्याचे पहिले तीन दिवस हे स्थान बंद असतं, आणि ते अनेक वर्षी आपल्या लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला लागूनच येतात. भाऊबीज करून निघालात तर अडचण बहुधा येणार नाही, तरी तारीख बघून घ्या.

खाण्याबद्दल आता स्पष्ट सांगते, कारण सासूबाईंचे हाल व्हायला नकोत. ओकिनावा हा डुकराच्या मांसाचा आणि कात्सुओबुशीचा, म्हणजे वाळवलेल्या ट्यूना जातीच्या माशाच्या किसाचा प्रदेश आहे. रस्सा, सॉस, भाजी, साधी दिसणारी कोशिंबीर, सगळ्यात त्या किसाचा अर्क असतो आणि त्याला दाशी म्हणतात. नुसतं शाकाहारी म्हटलं की मांस काढून मासा ठेवतात, त्यात त्यांची फसवाफसवी नसते, त्यांच्या लेखी तो फरक वेगळा आहे. म्हणून वाक्य पाठ करा: "निकु मो, साकाना मो, तामागो मो ताबेमासेन. दाशी मो दामे देस." मांस, मासे, अंडी खात नाही, दाशीही नको. हॉटेलच्या माणसाकडून हेच जपानीत कागदावर लिहून घ्या आणि ते दाखवा.

आणि राहायला छोटं स्वयंपाकघर असलेली जागाच घ्या, हे हॉटेलच्या नाश्त्यापेक्षा तुमच्या कामी येईल. बाजारात कारलं मिळेल, तिथे त्याला गोया म्हणतात आणि ते त्यांच्या रोजच्या जेवणातलं आहे. घट्ट, पनीरसारखं कापता येणारं शिमा-दोफु (सोयाबीनचं टोफू) मिळेल, जांभळी रताळी मिळतील, ओकिनावाची हळदसुद्धा. घरून मेतकूट, भाजणी, कोरडे मसाले, लोणचं न्या. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, कच्चं धान्य मात्र नेऊ नका, जपानच्या विमानतळावर काढून घेतात. बाहेर सासूबाईंना जिमामी-दोफु जरूर खायला घाला. शेंगदाण्याचं दूध आणि रताळ्याचा स्टार्च घोटून केलेला तो मऊ, गुळगुळीत पदार्थ उपवासालाही चालेल असं त्या म्हणतील. वरचा सॉस फक्त वेगळा मागा, त्यात दाशी असू शकते. नाहात बुकुबुकु-चा मिळतो: भाजलेल्या तांदळाच्या पाण्यात चहा घुसळून वर फेसाचा डोंगर करतात. बसून निवांत प्यायचा आहे, त्यांना मजा येईल.

यजमानांना मकिशीच्या बाजारात सोडा. नवी इमारत मार्च 2023 मध्ये उघडली. खाली मासे निवडायचे, वरच्या मजल्यावर ते शिजवून देतात. इराबुचा नावाचा निळा-हिरवा पोपटमासा कच्चा कापून खातात, आणि गुरुकुन हा छोटा मासा अख्खा तळतात, तो डोक्यासकट खायचा. कोकणी माणसाला दुसरा जास्त रुचेल. ओकिनावा सोबा ही गव्हाच्या जाड शेवयांची वाटी, डुकराच्या हाडांच्या रश्शात. बरोबर टेबलावर छोट्या बाटलीत मिरच्या घातलेली आवामोरी ही तिथली दारू असते, कोरेगुसु. दोन थेंबच टाका, फार जहाल आहे आणि तिच्यात दारू आहे, म्हणून गाडी चालवणाऱ्याने आणि मुलाने तिच्या वाटेला जाऊ नये. आवामोरी थाई तांदळापासून करतात, सयामशी असलेल्या जुन्या व्यापाराची ती खूण. तीन वर्षं आणि त्याहून जास्त मुरवलेलीला कुसु म्हणतात. घ्यायचीच तर ती, थोडी. मुलाला टाको-राइस (भातावर मसालेदार खिमा) आवडेल, 1984 मध्ये अमेरिकी तळाशेजारच्या किन गावात निघालेला पदार्थ. तुम्ही स्वतः उमिबुदो चाखा: समुद्री शेवाळाचे हिरवे मणी, दाताखाली फुटतात आणि खारं पाणी जिभेवर येतं. फ्रिजमध्ये ठेवायचे नाहीत, सुकतात.

घरी आणायचं काय, हे कुणी विचारत नाही आणि शेवटी विमानतळावर घाई होते. दुकानात सगळीकडे चिनसुको बिस्किटं दिसतील, ती परंपरेने डुकराच्या चरबीत करतात. सासूबाईंच्या मैत्रिणींना ती वाटू नका. साता-आंदागी या तळलेल्या गोळ्यांत अंडं असतं. जांभळ्या रताळ्याच्या टार्टमध्येही लोणी-अंडं असू शकतं, डब्यावरचं वाचून घ्या. कच्चं रताळं तर ओकिनावाबाहेर नेताच येत नाही, कीड पसरू नये म्हणून जपानच्याच इतर भागांतही बंदी आहे. त्यापेक्षा कोकुतो घ्या, उसाचा काळा गूळ. आठ लहान बेटांवर तो होतो आणि प्रत्येक बेटाची चव वेगळी लागते. दोन-तीन बेटांचा थोडा थोडा घ्या, वजनाला हलका पडेल आणि शेजारी-पाजारी कुणालाही बिनधास्त देता येईल.